पाठराखीण



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे दिवसभर उन्हाने तापलेल्या श्रोत्यांकडून संध्याकाळचा एक तास मागून घ्यावयाचा. तो मागताना वक्त्याने काहीतरी मोलाचे द्यावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. आमचा आजचा विषय ज्ञानाचा थोडा आणि व्यवहाराचा फार आहे. परंतु त्या व्यवहारावर काही मुलांचे सारे आयुष्य अवलंबून असते, म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

जुन्या काळी नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली म्हणजे तिच्याबरोबर माहेरची एक जाणती बाई पाठवीत. तिला पाठराखीण म्हणत. सासरच्या मंडळींशी भांडण करणे हे तिचे काम नसे, आणि मुलीच्या वाटचे काम आपण उरकून टाकणे हेही नसे. परक्या घरी मुलगी बुजू नये, तिला काय हवे-नको ते तिने आपल्या तोंडाने सांगावे, आणि सांगताना आपल्या पाठीशी कोणीतरी आहे एवढे तिला ठाऊक असावे, यासाठी ती चार दिवस राही. मुलगी रुळली की परत येई. आम्ही काही मंडळी जे काम करतो त्याला याहून नेमका शब्द आम्हांला सापडलेला नाही. ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता येत नाही, ज्यांची बुद्धी संथ चालते, ज्यांना स्वमग्नता आहे, किंवा ज्यांना सारे समजते पण कागदावरचे अक्षर लागत नाही, अशा मुलांच्या आईबापांबरोबर आम्ही शाळेत जातो. इंग्रजी मुलुखात या कामाला 'स्पेशल एज्युकेशन ॲडव्होकेट' असे भारदस्त नाव आहे. पण ॲडव्होकेट म्हटले की आपल्याकडे काळा डगला डोळ्यांपुढे येतो. म्हणून आम्ही आपली पाठराखीणच बरी समजतो.

आता, शाळेत जाण्यासाठी पाठराखीण कशाला हवी, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे मागितले. नामदार गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक आणले. ते नामंजूर झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला, आणि जे पालक मुलास शाळेत धाडणार नाहीत त्यांना दंड ठेवला. त्या काळी प्रश्न असा होता की, शाळा उघडली तरी पालक मूल पाठवीत नाहीत. आमच्यापुढे येतो तो प्रश्न याच्या बरोबर उलटा आहे. आई मुलाला कडेवर घेऊन शाळेच्या दारात उभी आहे आणि दार तिच्यासाठी उघडत नाही. शाहू महाराजांनी दंड कोणाला केला असता, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दार उघडत नाही असे पाहून पुष्कळ आईबापांनी आणि समाजसेवकांनी स्वतःच शाळा काढल्या. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' काढली. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांसाठी 'स्पॅस्टिक्स सोसायटी' स्थापन केली. त्यांची स्वतःची कन्या त्याच विकाराने बांधलेली होती. या मंडळींचे ऋण फार मोठे आहे. परंतु प्रत्येक आईला शाळा काढता येत नाही, आणि काढावी लागू नये. तिच्या घराजवळ शाळा आहेच. तिला त्या शाळेत एक जागा हवी असते, एवढेच.

ती जागा आज कायद्याने तिची आहे. दिव्यांगांसाठी पहिला मोठा कायदा १९९५ साली झाला. त्यात सात प्रकार धरले होते. त्याच्या जागी २०१६ चा कायदा आला आणि प्रकार एकवीस झाले. या कायद्याने शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा शासनमान्य अशा शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, आणि त्याची प्रगती पाहत राहावे असे ठरविले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहापासून अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, या गोष्टी त्यात लिहिल्या आहेत. त्याआधीचा २००९ चा शिक्षणहक्क कायदा तर प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यासच मनाई करतो. घेतली तर पहिल्या खेपेस पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा इतका चांगला आहे की, तो वाचून आम्हांला प्रथम वाटले, आता आपल्याला काय काम उरले?

काम उरले ते अशासाठी की, नकार कधी कायद्याच्या भाषेत येत नाही. तो फार गोड भाषेत येतो. "ताई, आमची काहीच हरकत नाही, पण आमच्याकडे सोय नाही." "इथे पन्नास मुलांत त्याचे हाल होतील हो, तुम्हालाच वाईट वाटेल." "इतर पालक तक्रार करतात." "यंदा जागा भरल्या. पुढच्या जूनमध्ये या." "एक वर्ष घरीच बसवा, जरा मोठा होऊ द्या." यांतले एकही वाक्य कागदावर नसते. आई घरी येते तेव्हा तिच्या हातात काहीच नसते. तिला कोणी नाकारले याचा पुरावा नसतो, आणि म्हणून तिला दाद मागायला जागाही नसते. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा जाते. दोन जून गेले की मूल आठ वर्षांचे होते आणि मग शाळा म्हणते, "आता पहिलीत कसे बसवायचे?" तोंडी नकार असा वर्षे खातो, आणि लहान मुलाचे गेलेले वर्ष कोणत्याही न्यायालयाला परत देता येत नाही.

आमच्या साऱ्या कामाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, जे तोंडी आहे ते लेखी करणे. बाकी सगळे त्याचा तपशील आहे. पण तपशीलातच सारे असते, म्हणून तो थोडा सांगतो.

प्रथम पिशवी. अशा प्रत्येक घरात एक पिशवी असते. तीत प्रसूतिगृहाचा कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, श्रवणयंत्राची पावती, प्रगतिपुस्तके, एखादा अंगारा, सारे एकत्र असते. आम्ही घरी जाऊन ती पिशवी सतरंजीवर रिकामी करतो आणि कागद तारखेवार लावतो. हे अगदी कारकुनी काम आहे. पण ते झाल्यावर आईला आपल्या मुलाची हकीकत प्रथमच सलग दिसते. काय आहे आणि काय नाही हेही कळते. बहुधा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसते, किंवा असते पण त्याची मुदत संपलेली असते. ते शासकीय रुग्णालयातून मिळवावे लागते, आणि त्यासाठी किती खेपा पडतात हे ज्याने घातल्या त्यालाच ठाऊक.

दुसरे, एक पानाचे टिपण. मुलाला काय येत नाही हे सांगणारे अहवाल ढीगभर असतात. त्याला काय येते हे कोठेही लिहिलेले नसते. ते फक्त आईला ठाऊक असते. घंटा मोठ्याने वाजली की तो कानांवर हात ठेवतो, पण दोन मिनिटे आधी सांगितले तर ठेवत नाही. तोंडी हिशेब चुकत नाही, कागदावर मांडला की चुकतो. आम्ही विचारतो, ती सांगते, आम्ही तिच्याच शब्दांत लिहितो. आमच्या अनुभवाने सांगतो, शिक्षकांना तज्ज्ञांच्या दहा पानी अहवालापेक्षा हे एक पान अधिक उपयोगी पडते.

तिसरे, अर्ज आणि त्याची पोच. अर्ज दोन प्रतींत करावयाचा. एक शाळेला द्यावयाची आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावयाचा. शिक्का द्यावयास कोणी तयार नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावयाचा. अर्जात रागाचा एक शब्द नसावा. मुलाचे नाव, वय, काय मागणे आहे, कोणत्या कायद्याने मागतो, आणि शेवटी एक नम्र ओळ: प्रवेश देणे शक्य नसल्यास त्याचे कारण कृपया लेखी कळवावे. या एका ओळीची ताकद पाहून प्रथम आम्हीही चकित झालो. तोंडाने "सोय नाही" म्हणणारा सज्जन गृहस्थ तेच वाक्य सहीनिशी लिहावयास बसला की थांबतो. तो दुष्ट असतो असे नाही. त्याने त्या वाक्याचा अर्थ तोपर्यंत पाहिलेलाच नसतो.

चौथे, बैठक. बैठकीत आम्ही आईच्या शेजारी बसतो, पुढे नाही. बोलावयाचे तिने. आदल्या दिवशी तिच्याकडून तीन मागण्या पक्क्या करून घेतो. सात नाही, तीनच. ती अडखळली तर तिच्यापुढे कागद सरकवतो. आम्ही काय ठरले ते लिहून घेतो, उठण्यापूर्वी वाचून दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी "काल ठरल्याप्रमाणे" अशा आरंभाचे पत्र तिच्या सहीने शाळेला जाते. त्या पत्रात आभार आधी आणि ठराव मागून. एवढे करूनही काही झाले नाही, तर गटशिक्षणाधिकारी आहेत, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आहेत, बालहक्क संरक्षण आयोग आहे, पुण्यास दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. त्या पायऱ्या चढाव्या लागतात तेव्हा हीच कागदांची चळत शिडीसारखी उपयोगी पडते. पोच नसलेल्या माणसाला पहिल्याच पायरीवरून परत यावे लागते.

यावर एक आक्षेप पालकच घेतात, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ते म्हणतात, "दादा, तुम्ही अर्ज देऊन घरी जाल. आमचं लेकरू सहा तास त्यांच्या हाती असतं. त्यांना राग आला तर?" या भीतीला हसण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती आपले मूल आहे त्याच्याशी वैर कोण धरील? म्हणूनच आम्ही भांडखोर माणसाला या कामात घेत नाही. शाळेवर विजय मिळवावयाचा नसतो. तेथे मुलाला आणखी दहा वर्षे काढावयाची असतात.

आणि शिक्षकांची बाजू आम्ही जवळून पाहिली आहे. एका बाईंनी आम्हांला सरळ विचारले, "मला त्याला शिकवायचं आहे. कसं ते मला कोणी शिकवलं?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. विशेष शिक्षकांच्या नेमणुकांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली निकाल दिला. पुढच्या वर्षी शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीत अशा दहा मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घातले गेले. हे प्रमाण कागदावर आहे; शाळांतून मात्र एकच विशेष शिक्षक अनेक गावे फिरताना दिसतो. तेव्हा बाईंच्या वतीनेही अर्ज करावा लागतो. विशेष शिक्षक द्या, साहित्य द्या, उतार बांधा, असे अर्ज पालक आणि मुख्याध्यापक यांच्या दोघांच्या सह्यांनी आम्ही पाठविले आहेत. ज्या दिवशी शाळा आणि आई एकाच कागदावर सही करतात त्या दिवशी आमचे निम्मे काम झाले असे आम्ही समजतो.

शिवाय पुष्कळ मागण्यांना पैसा लागतच नाही. श्रवणयंत्र लावणारी एक मुलगी उंच म्हणून शेवटच्या बाकावर बसे आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलत. मागण्या दोन होत्या: तिला पुढे बसवावे, आणि बोलताना गुरुजींनी वर्गाकडे तोंड करावे. दोन्ही मान्य झाल्या, खर्च शून्य. सहामाहीला ती मुलगी एकदम हुशार झाली असे सारे म्हणू लागले. ती आधीही तितकीच होती.

दुसरा एक मुलगा सातवीपर्यंत आळशी म्हणून मार खात आला. तोंडी विचारले तर इतिहासाचे सारे प्रश्न सांगे. लिहावयास बसला की पान कोरे. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ पासून आरंभ केला. परंतु त्यासाठी ठराविक रुग्णालयाची तपासणी आणि शाळेमार्फत प्रस्ताव लागतो, आणि दोन्हींना महिने जातात. दहावीच्या दिवाळीत जाग आलेले पालक आमच्याकडे येतात तेव्हा धावपळच हाती उरते. या सभेत कोणाच्या घरी असे मूल असेल, तर दहावीची वाट पाहू नका, एवढे कृपा करून ध्यानात ठेवा.

सर्वसाधारण शाळा बरी की विशेष शाळा, असे आम्हांला नेहमी विचारतात. आम्ही त्याचा निकाल देत नाही. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणाऱ्या सवंगड्यांची गरज असू शकते. दुसऱ्या मुलाला शेजारच्या घरातल्या पोरांबरोबरच शिकावयाचे असते. कायद्याने निवड कुटुंबाला दिली आहे. दोन्ही शाळा आईने पाहिल्या आहेत आणि तिने निवडली आहे, एवढे आम्ही पाहतो. जवळच्या शाळेने हाकलले म्हणून लांबच्या शाळेत जाणे याला निवड म्हणत नाहीत.

हे काम जेथे रीतसर रुजले त्या देशाकडेही पाहू. त्यात आपल्यासाठी एक धडा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यातील पालकांच्या संघटनेने राज्यावर खटला भरला, आणि १९७१ साली मंद बुद्धीच्या मुलांनाही शाळेत घेण्याचे राज्याने तडजोडीत कबूल केले. पुढे १९७५ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला. त्याच्या आरंभीच तेथील काँग्रेसने नमूद केले की, दहा लाख अपंग मुले सार्वजनिक शाळांतून पूर्णपणे वगळलेली आहेत. या कायद्याने प्रत्येक मुलासाठी वेगळी लेखी शिक्षणयोजना सांगितली. ती निदान वर्षातून एकदा तपासावयाची, तिच्या बैठकीत आईबाप बरोबरीचे सभासद, आणि त्यांना मुलाची जाण असलेला माणूस बरोबर आणण्याची मुभा. त्या मुभेतून हा व्यवसाय उभा राहिला. आपल्या कायद्यात इतकी बांधीव बैठक नाही, ही आपली उणीव आहे.

पण तेथेही एक गोष्ट घडली. एका कुटुंबाने शाळेविरुद्ध दावा जिंकला आणि मदत करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंची फी शाळेकडून मागितली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती नाकारली: जिंकलेल्या पालकांना वकिलाची फी मिळेल, तज्ज्ञाची नाही. म्हणजे ज्याच्या गाठी पैसा त्याला चांगला पाठीराखा. प्रत्येक राज्यात पालकांना माहिती देणारे केंद्र सरकारी खर्चाने तेथे चालते, म्हणून गरिबाची अगदीच उपेक्षा होत नाही. तरी अंतर राहतेच.

आपल्याकडे हे अंतर आणखी क्रूर आहे, कारण आपल्या गरिबाचा रोज बुडतो. बांधकामावर काम करणाऱ्या एका बापाने आम्हांला सांगितले, "साहेब, एका सहीपायी तीन रोज गेले. घरात अजून दोन पोरं हायेत. आता हा घरीच बरा." आम्ही त्याला काय उपदेश करणार? त्याचे गणित बरोबर होते. त्या मुलाचा हक्क चौथ्या खेपेपाशी अडला, आणि चौथी खेप घालावयास कोणी नव्हते. कायदा हरला तो मोठ्या न्यायालयात नव्हे. तो एका कचेरीच्या बाकावर, दुपारी तीनच्या सुमारास, साहेब जेवायला गेले असताना हरला.

म्हणून आमचे मागणे आपल्यापाशी आहे. आम्हांला वर्गणी नको, दुपारी हव्यात. या सभेत निवृत्त कारकून असतील, ज्यांनी तीस वर्षे आवक-जावक सांभाळली. आमच्या लेखी ते या कामातले पंडित आहेत. निवृत्त शिक्षिका असतील, ज्यांना मुख्याध्यापकांशी कोणत्या सुरात बोलावे हे उपजत कळते. बँकेत, टपालात, कचेरीत नोकऱ्या केलेले असतील. या कामाला पदवी लागत नाही. स्वच्छ अक्षर, शांत स्वभाव आणि बाकावर बसण्याचा धीर लागतो. एका कुटुंबाला वर्षातून सहा-सात दुपारी पुरतात. एवढ्या दुपारी एखाद्या मुलाचे वर्ष वाचवू शकतात.

आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी निदान एक करावे. आपल्या मुलाच्या वर्गात असे मूल आले, तर "याच्यामुळे आमच्या मुलाचा अभ्यास मागे पडतो" अशी तक्रार घेऊन शाळेत जाऊ नये. "इतर पालक तक्रार करतात" हे वाक्य आम्ही ज्या पालकांच्या नावाने ऐकतो, ते इतर पालक म्हणजे आपणच आहोत.

आमची ज्यांच्याशी गाठ पडली त्यांतली एक आई आता आमच्याबरोबर येत नाही. ती दुसऱ्या एका आईबरोबर शाळेत जाते, आणि अर्जाची दुसरी प्रत शिक्क्यासाठी कशी पुढे करावी हे तिला शिकवते. आमचे काम असे संपावे आणि असे वाढावे, अशी आमची इच्छा आहे.